पुणतांब्याचा संप आणि ‘सरसकट’ हा शब्द

पुणतांबा हें नांव महाराष्ट्रांतील वाचकांस पूर्वीं दोन कारणांनीं ठाऊक होतें. गोदेच्या कांठीं चांगदेवांची समाधि ज्या गांवीं आहे तें हें गांव. आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फांटा जेथें फुटतो तें स्टेशनहि हेंच. २०१७ सालच्या जून महिन्यांत त्यास तिसरें कारण मिळालें. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस येथील शेतकऱ्यांनीं संप पुकारला. दूध, भाजीपाला, फळें शहरांस पाठवावयाचीं नाहींत, घरापुरतें पिकवावें आणि घरापुरतें ठेवावें, असा ठराव गांवच्या ग्रामसभेनें उन्हाळ्यांतच केला होता. तसेच ठराव गांवोगांव होत गेले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यांत मुंबई-पुण्याच्या बाजारांत भाजीचे भाव चढले.

शेतकऱ्यानें संप करावा ही कल्पनाच पुष्कळांस चमत्कारिक वाटली. गिरणींतील कामगार संप करतो तेव्हां मालकाचें नुकसान होतें. शेतकरी स्वतःच मालक, तेव्हां त्याच्या संपानें तोटा कोणाचा? महाराष्ट्रांत शेतकऱ्यांचा संप यापूर्वीं झालाच नव्हता असें मात्र नाहीं. कुलाबा जिल्ह्यांतील चरी गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी पड टाकल्या होत्या. परंतु चरीच्या कुळांपुढें खोत उभा होता, त्याचें घर दाखवितां येत होतें. पुणतांब्याच्या शेतकऱ्यापुढें असें बोट दाखविण्याजोगें कोणी नव्हतें. भाव पाडणारा बाजार दिसत नाहीं, आयात-निर्यातीचे हुकूम दिल्लीस निघतात, आणि सोसायटीचा सचिव तर त्याच्याच गांवचा. म्हणून त्यानें आपलें दूध आपल्याच हातानें रस्त्यावर ओतलें. तें चित्र पाहून शहरांतील अनेक सद्गृहस्थ हळहळले. त्यांत खोटें कांहीं नव्हतें. पण दूध दिवसांतून दोनदां निघतें, तें ठेवतां येत नाहीं, आणि ऊस किंवा कांद्याचे पैसे अडकले असतां दुधाच्या पगारावरच घरचा किराणा येतो, हें ज्यास माहीत आहे त्यास ओतणाऱ्याच्या मनाची कल्पना अधिक चांगली येईल.

वास्तविक हा भाग दुष्काळी नगर जिल्ह्यांतला सुखवस्तु भाग. गोदावरीच्या कालव्यांचें पाणी विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें आलें, त्यामागून ऊस आला, आणि १९५० च्या सुमारास प्रवरेकांठीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. अशा मुलखांतून संपाची हांक यावी ह्याचें कित्येकांस आश्चर्य वाटलें. पण ज्याचें पीक बाजारासाठींच निघतें त्यालाच बाजाराचा फटका आधीं बसतो. २०१४ आणि २०१५ हीं दोन वर्षें अवर्षणाचीं गेलीं. २०१६ मध्यें पाऊस चांगला झाला, पीक आलें, आणि पिकाबरोबर भाव कोसळले. तुरीचा हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल ठरला असतां बाजारांत तेवढे मिळेनात आणि खरेदीकेंद्रांपुढें गाड्यांच्या रांगा लागल्या. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदींत जिल्हा सहकारी बँकांस जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. खेड्यांतील पैशाचें चलन ज्या बँकेवर चालतें तीच बँक बंद झाल्यासारखी झाली. इतक्यांत एप्रिल २०१७ मध्यें उत्तर प्रदेशच्या नव्या सरकारनें ३६ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. निवडणुकींत दिलेलें वचन तेथें पाळतां येतें, तर एकाच पक्षाचें राज्य असतां येथें कां नाहीं, या प्रश्नास मुंबईहून मिळणारें उत्तर अर्थशास्त्राच्या दृष्टीनें वाईट नव्हतें: माफीनें बँकांचें भलें होतें, शेतीचें होत नाहीं, पैसा सिंचनांत घालावा. पण उत्तर बरोबर असणें आणि तें ऐकणाऱ्यास पटणें या दोन गोष्टी निराळ्या.

कर्ज, सरकारी उपाय आणि त्या उपायाविषयींचा अविश्वास ही मालिका या जिल्ह्यास नवी नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचे भाव चढले, १८६५ नंतर ते उतरले. त्यांतच नव्या पाहणींत शेतसारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं पुणे जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं लोकांनीं सावकारांचीं दुकानें व घरें लुटलीं, आणि तें लोण लवकरच नगर जिल्ह्यांत पोंचलें. त्या दंग्यांत माणसांस फारशी इजा झाली नाहीं. लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. रोखे हातीं आले कीं ते जाळीत, आणि मिळाले कीं बहुधा निघून जात. सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्यामागील मूळ हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार मिळाला, कर्जासाठीं कुळास कैदेंत टाकणें बंद झालें, दस्त सरकारी अधिकाऱ्यासमोर नोंदविण्याची सक्ति झाली. हेतु निःसंशय चांगला होता. परिणाम असा झाला कीं सावकारानें गहाण घेण्याचें सोडून खरेदीखत लिहून घेण्यास आरंभ केला. तोंडानें ‘पैसे फेडलेस कीं जमीन परत’ आणि कागदावर कायमची विक्री. कायद्यानें जो कागद तपासावयास सांगितलें तोच कागद बदलला! जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ चा काळ या कायद्याच्या लगतचाच आहे.

त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें एक साधी गोष्ट केली. दुष्काळाच्या नियमांत सारातहकुबीच्या ज्या सवलती सरकारनेंच छापल्या होत्या, त्या लोकांस समजावून सांगण्यास तिनें गांवोगांव माणसें पाठविलीं. सरकारनें १८९७ सालीं सभेची मान्यताच काढून घेतली. सवलत छापणें सरकारास मान्य होतें. ती कोणी वाचून मागावी हें मान्य नव्हतें. स्वतंत्र भारतांत परकीय सरकार राहिलें नाहीं, पण छापील सवलत आणि हातीं पडलेली सवलत यांतील अंतर राहिलें. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफींत संपूर्ण माफीसाठीं दोन हेक्टरांची मर्यादा होती. विदर्भांतील ज्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ती योजना निघाली, त्यांतील कित्येकांची जमीन दोन हेक्टरांहून थोडी अधिक भरली. पुढें २०१३ मध्यें महालेखापरीक्षकांनीं दाखविलें कीं पात्र असलेले वगळले गेले आणि अपात्रांस लाभ मिळाला.

म्हणून पुणतांब्याच्या मागण्यांत ‘सरसकट’ हा शब्द आला. वरकरणी तो अडाणी हट्ट वाटतो. श्रीमंत बागाइतदारासहि माफी कशास, असें विचारतां येतें. पण मर्यादा आली कीं यादी येते, यादी आली कीं तिच्यांतून नांव गळतें, हा सव्वाशे वर्षांचा अनुभव त्या एका शब्दांत सांठलेला होता. दुसरी मागणी सातबारा कोरा करण्याची. चांगदेवांनीं ज्ञानदेवांस कोरा कागद पाठविल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. त्यांच्याच समाधीच्या गांवानें सरकारकडे कोरा उतारा मागावा हा योगायोग तेव्हां कोणाच्या ध्यानांत आला कीं नाहीं न कळे. तिसरी मागणी उत्पादनखर्चावर दीडपट भावाची. डॉ. स्वामिनाथन यांच्या आयोगानें २००६ सालींच ती शिफारस केली होती, आणि माझ्या मतें तिन्हींत तीच मुख्य होती. पण कर्जमाफीच्या गलबल्यांत ती मागें पडली.

२ जूनच्या रात्रीं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या ‘वर्षा’ बंगल्यावर किसान क्रांतीच्या पुढाऱ्यांची बैठक बसली आणि ३ तारखेच्या पहाटे संप मागें घेतल्याची घोषणा झाली. अल्पभूधारकांस ३१ ऑक्टोबरपूर्वीं माफी देण्याचें आश्वासन मिळालें होतें. किसान सभेचे अजित नवले बैठकींतून बाहेर पडले. गांवोगांव चिडलेल्या लोकांनीं आपल्याच पुढाऱ्यांविरुद्ध घोषणा दिल्या, आणि संप थांबला नाहीं. संपकऱ्यांची चूक येथें झाली असें म्हणावें लागतें: ज्या चळवळीचा जन्म ग्रामसभेंत उघड्यावर झाला, तिचा तह मध्यरात्रीं बंद दालनांत करणें तिला मानवणारें नव्हतें. ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला. ६ जूनला मध्य प्रदेशांत मंदसोर येथें आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला, माणसें मेलीं, आणि येथील सरकारासहि परिस्थितीचें गांभीर्य उमगलें. ११ जूनला चंद्रकांत पाटील यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटानें मागणी मान्य केली, पण कशी? ‘सरसकट’, पण ‘तत्त्वतः’, आणि ‘निकषांसह’. हे तीन शब्द त्या आठवड्यांत महाराष्ट्रांत घरोघर विनोदाचा विषय झाले. भाषेच्या अभ्यासकास ह्यापेक्षां चांगलें उदाहरण मिळणें कठीण: पहिला शब्द लोकांचा, दुसरा वाटाघाटीचा, तिसरा खजिन्याचा, आणि तिसरा पहिल्यास गिळून टाकतो.

२४ जूनला योजना जाहीर झाली. नांव छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. रक्कम ३४,०२२ कोटी. शेतकरी ८९ लाख. मर्यादा दीड लाख. त्याहून अधिक थकबाकी असेल तर वरची रक्कम आधीं भरावी, मग माफी. नियमित फेडणाऱ्यास २५ टक्के, पण पंचवीस हजारांपर्यंतच. मग अर्ज आले. ते संगणकावर भरावयाचे, पतिपत्नींनीं मिळून, आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशासह. पेरणीच्या दिवसांत सेवाकेंद्राच्या दारांत बसलेल्या म्हाताऱ्याचा झिजलेला अंगठा यंत्र ओळखीना, हा प्रकार त्या पावसाळ्यांत गांवोगांव दिसला. दिवाळीच्या तोंडावर १८ ऑक्टोबरला मुंबईंत कांहीं शेतकऱ्यांस समारंभपूर्वक प्रमाणपत्रें दिलीं गेलीं. पैसे खात्यांत पडण्यास पुष्कळांस त्यानंतर महिने लागले. नोव्हेंबरांत ‘मी लाभार्थी’ अशा मोठमोठ्या जाहिराती झळकल्या आणि त्यांवरून निराळाच वाद झाला. अखेरीस लाभ झालेल्या खात्यांची संख्या ८९ लाखांच्या निम्म्याच्या आसपासच राहिली.

सरकारनें कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. हजारों कोटी खरोखरच वांटले गेले, आणि अपात्र माणसें गाळण्यासाठीं चाळणी लावणें हेंहि २००८ चा अनुभव पाहतां गैर नव्हतें. परंतु जाहीर झालेला आंकडा मोठा आणि चाळणी बारीक असली कीं जो गळतो त्यास आपण फसविले गेलों असेंच वाटतें. पहिल्याच दिवशीं लहान पण खरा आंकडा सांगितला असता तर रोष कमी झाला असता असें मला वाटतें.

नांवांचाहि विचार करण्यासारखा आहे. ‘माफी’ म्हटलें कीं अपराध गृहीत धरला जातो, म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी ‘कर्जमुक्ति’ म्हणत. २०१७ मध्यें ‘सन्मान’ आला. डिसेंबर २०१९ मध्यें उद्धव ठाकरे यांच्या सरकारनें दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजना काढली. या वेळीं अर्जाचा जाच वगळला, आणि हा धडा शिकल्याचें श्रेय त्या सरकारास दिलें पाहिजे. पण मर्यादा होतीच. आणि आतां विरोधांत बसलेल्या पक्षानें सातबारा कोठें कोरा झाला म्हणून विचारलें. नियमित फेडणाऱ्यांस कबूल केलेले पन्नास हजार २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत मिळाले नव्हते. त्या वर्षीं १ जूनला पुणतांब्याचे शेतकरी पुन्हां धरण्यास बसले. शेतांत तोडीवांचून उभ्या राहिलेल्या उसाचें अनुदान, कांद्याचा भाव, दिवसा वीज आणि ते पन्नास हजार, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कृषिमंत्री दादा भुसे गांवीं येऊन भेटले, चर्चेचें आश्वासन मिळालें, आणि धरणें पांच दिवसांच्या आंत स्थगित झालें. त्याच महिन्याच्या अखेरीस तें सरकार गेलें.