असईचं काडतूस

१८०३ च्या सप्टेंबरात जाफराबाद-भोकरदनच्या मुलखात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा तळ पडला होता. २३ तारखेला दुपारी असई गावापाशी, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने त्यांच्यावर हल्ला केला. ही लढाई सहसा नदीच्या उतारांवरून आणि घोडदळाच्या धडकांवरून सांगितली जाते. पण तिचा हिशेब शिपायाच्या तोसदानातही होता. तिथे कागदी काडतुसं होती, आणि त्यातलं एकेक कोणाच्या तरी हातांनी वळलेलं होतं.

काम किचकट. लाकडी दांडीभोवती कागद गुंडाळायचा, टोकाला शिशाची गोळी ठेवून दोऱ्याने बांधायचं, मापाने दारू भरायची, वरचं तोंड दुमडायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीच्या गोळ्या एका पौंड शिशात साधारण १४ निघत. रणात शिपाई काडतूस दातांनी फाडी, चिमूटभर दारू रंजकाला टाकी, उरलेली नळीत ओती आणि गोळी गजाने ठासी. तरबेज माणसाचे मिनिटाला तीन बार निघत. गोळी नळीपेक्षा मुद्दाम बारीक ठेवत, कारण काही बारांनंतर नळीत काजळी साचते आणि घट्ट गोळी अडकते. नेम थोडा चुकला तरी चालेल, पण बार अडता कामा नये.

शिंद्यांचा कंपू यात मागासलेला होता, हा समज चुकीचा आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉईन या युरोपीय सेनानीला चाकरीत घेतलं. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर हा स्कॉटिश कारागीर तोफा ओती आणि विलायती धर्तीच्या बंदुका घडवी, एकेक सुमारे १० रुपयांत. असईला पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली लढलेलं कवायती पायदळ याच परंपरेतलं. इंग्रजांकडचे सुमारे १,६०० लोक मेले किंवा जखमी झाले. पाडाव केलेल्या शिंद्यांच्या तोफा आपल्या सैन्यात चालण्याजोग्या आहेत, टिपूच्या तशा नव्हत्या, असं वेलस्लीने नंतर लिहिलं. शिंद्यांचा पराभव कारागिरांच्या माथी मारता येत नाही.

सोळा वर्षांनी, १८१९ मध्ये, जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी वाघाच्या मागावर असताना अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला. त्या काळी शिकाऱ्याची बंदूकही ठासणीचीच. फरक मापाचा होता. शिपायाचं माप सगळ्या पलटणीला एकच. शिकारी मात्र आपल्या बंदुकीचा स्वभाव ओळखून दारू मोजी, तितराला छर्रे आणि डुकराला एकच गोळी भरी. बंदूक बदलली तीही शिकारीच्या पायी. चकमकीची ठिणगी दिसताच पाखरं उडून जातात म्हणून वैतागलेल्या फोर्साईथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रंजकाचं पेटंट घेतलं. टोपीची बंदूक त्यातूनच पुढे आली.

मग पितळी काडतूस आलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पितळी कवच पुन्हा भरता येतं, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालून. म्हणून शिकाऱ्याचं जुनं कसब यंत्रयुगातही टिकलं. त्याला खरी वेसण घातली ती आपोआप भरणाऱ्या रायफलीने. १९०६ मध्ये अमेरिकेत रेमिंग्टनने ब्राउनिंगच्या रचनेची अशी शिकारी रायफल बाजारात आणली. बाराच्या धक्क्यानेच तिचं रिकामं कवच बाहेर पडतं आणि पुढचं काडतूस आत सरकतं. दारू कमी पडली तर यंत्र मध्येच अडतं, जास्त झाली तर खिळखिळं होतं. हाताने भरणाऱ्याला मोकळीक अशी फारशी उरली नाही. माप बंदूकच ठरवू लागली.

जाफराबादच्या शिवारात आज हाताने काडतूस भरण्याच्या कसबाला वाव नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायलाही परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. पिकात शिरलेल्या रानडुकरावर बार टाकायचा तरी आधी वनखात्याची परवानगी काढावी लागते.