मद्याची पारख आणि त्याचें मोल



इतवारींत किंवा सीताबर्डीवर संत्रीं घेणारी नागपूरची एखादी गृहिणी आपण अवश्य पाहिली असेल. ती फळ तळहातावर तोलते, सालीवरून अंगठा फिरविते, बहार आंबिया कीं मृग हें विचारते आणि मगच भावाची गोष्ट काढते. माल चांगला आहे कां, आणि तो या पैशांस परवडतो कां, असे दोन प्रश्न तिच्या मनांत एकाच वेळीं उभे असतात. पहिला प्रश्न पारखेचा, दुसरा मोलाचा. मद्याच्या बाबतींत मनुष्यानें या दोहोंची सांगड कशी घातली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. मद्याची भलावण करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ज्या वस्तूची पारख करतां करतां पारखणाऱ्याचीच बुद्धि मंद होते, त्या वस्तूचें मोल समाजानें कोणत्या मापानें ठरविलें, हा प्रश्न घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांनाही सारखाच लागू आहे.

आपल्या देशांत येणाऱ्या द्राक्षमद्याची प्रतवारी आपणांस एका परकीय व्यापाऱ्याच्या लेखांत सांपडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचें समुद्रप्रवासाचें वर्णन लिहून ठेविलें. भडोच बंदरीं कोणता माल खपतो हें सांगतांना तो मद्याचा उल्लेख करतो. इटलीच्या मद्यास अधिक पसंती, त्याखेरीज लाओदिकियाचें व अरबस्तानचें, असा त्याचा हिशेब आहे. राजाकरितां नेण्याच्या भेटींत उंची मद्य निराळें सांगितलें आहे. म्हणजे बाजारचें मद्य वेगळें व दरबारचें वेगळें, हा भेद तेव्हांही होता. याच भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचें तेर, अशीं दख्खनचीं दोन मोठीं पेठेचीं गांवें त्यानें नोंदविलीं आहेत. हें मद्य ज्या उभट मातीच्या कुंभांतून येई, त्यांचीं खापरें महाराष्ट्रांतील उत्खननांत मिळालीं आहेत.

व्यापाऱ्यानें मद्याची प्रत लावली, तर राज्यकर्त्यानें त्यावर देखरेख बसविली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार तेथें सांगितले असून, मधु म्हणजे द्राक्षरस होय, असा खुलासा केला आहे. पानगृहांत निरनिराळे कक्ष, आसनें, सुगंध, माळा व पाणी असावें आणि तीं प्रत्येक ऋतूंत सुखकर असावींत, असाही नियम आहे. परंतु माझें लक्ष वेधतें तें दुसऱ्याच एका नियमाकडे. चांगली सुरा कमी भावानें किंवा उधारीवर देऊं नये. बिघडलेली असेल ती मात्र अन्यत्र विकावी, किंवा दासांना व मजुरांना वेतनादाखल द्यावी, असें तेथें म्हटलें आहे. स्वस्त मद्य कोणाच्या वांट्यास येतें, याचें उत्तर इतक्या जुन्या काळीं इतक्या निःसंकोचपणें लिहिलें गेलें आहे!

आतां आपल्या भागाकडे वळूं. आमच्या रानांत द्राक्ष नाहीं, मोह आहे. मार्च-एप्रिलच्या सुमारास पहाटे मोहाचीं फुलें गळतात आणि दिवस वर येण्यापूर्वीं बायामुलें तीं टोपल्यांत वेंचतात. वाळविलेलीं फुलें भिजवून आंबवितात आणि मग भट्टीवर त्यांचा अर्क काढतात. गोंड समाजांत ही दारू लग्नकार्यांत, मृतांच्या विधींत आणि देवापुढें लागते. ती निव्वळ चैनीची वस्तु नव्हे. अर्क प्रथम पडतो तो तीव्र आणि पुढें पुढें पाणचट होत जातो. ‘पहिल्या धारेची’ हा आपल्या भाषेंतला शब्दप्रयोग त्यावरूनच आला. थोडासा अर्क पेटवून पाहावा. चांगला पेटला तर तो पहिल्या धारेचा, ही खेड्यांतली जुनी परीक्षा.

इ. स. १८६१ त मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालें. अबकारी हें सरकारी उत्पन्नाचें एक मोठें साधन होतें. रानांवनांतल्या गांवीं भट्टीचा मक्ता लिलावानें देत. मक्तेदारानें किती व कशी दारू गाळली, हें पाहाणारा कोणी नसे. दुसऱ्या पद्धतींत दारू एका ठरीव ठिकाणीं, सरकारी नजरेखालीं गाळली जाई आणि तिच्या तीव्रतेप्रमाणें कर बसे. १९०५-०६ च्या हिंदुस्थानच्या अबकारी समितीनें गांवभट्ट्यांच्या मक्त्यापेक्षां नियंत्रित पुरवठ्याच्या पद्धतीकडे कल दाखविला, आणि १९१५ सालीं मध्यप्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला.

तीव्रता मोजावयास साइक्सचें तरंगमापक आलें. इंग्लंडांत त्यास १८१६ सालीं कायद्यानें मान्यता मिळाली होती. तेथील जुनी परीक्षा आपल्या खेडुतांच्या परीक्षेची सख्खी बहीणच म्हणावयाची: बंदुकीची दारू मद्यांत भिजवून पेटवीत, आणि ती पेटली तर मद्य ‘प्रूफ’ ठरे. पुढें हें प्रमाण शेंकडा सुमारें ५७ भाग मद्यार्क असें निश्चित झालें. मापन शास्त्रशुद्ध झालें, परंतु तें मापन कशाचें? सुगंधाचें नव्हे, स्वच्छतेचें नव्हे; केवळ तीव्रतेचें, आणि तेंही करासाठीं. ‘प्रूफ’हून २५ अंश खालची देशी दारू घ्या. तींत शेंकडा सुमारें ४३ भाग मद्यार्क असतो. म्हणजे १८० मिलिलिटरांत ७७. शेंकडा १२ च्या द्राक्षमद्याची ७५० मिलिलिटरांची सबंध बाटली घेतली तरी त्यांत ९०. पैशाला नशा किती, एवढेंच मोजावयाचें ठरल्यावर गरीब मनुष्य कोणीकडे वळेल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

युरोपांत निराळीच गंमत झाली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठीं बोर्दो प्रांतांतील मद्यांची प्रतवारी दलालांनीं केली, ती मुख्यतः बाजारभावावरून. जें महाग विकलें जात होतें तें श्रेष्ठ ठरलें. आणि श्रेष्ठ ठरल्यामुळें तें महाग राहिलें! या चक्राला पहिला मोठा धक्का २४ मे १९७६ रोजीं बसला. पॅरिसमध्यें फ्रेंच परीक्षकांनीं नांवें झांकून मद्यें चाखलीं, आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही प्रकारांत कॅलिफोर्नियाच्या मद्यांस पहिला क्रमांक दिला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगांत मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना तांबडा रंग घातलेलें पांढरें मद्य दिलें, तर त्यांनीं त्याचें वर्णन तांबड्या मद्याच्याच शब्दांत केलें. २००८ सालीं सहा हजारांहून अधिक अशा ‘आंधळ्या’ चाखण्यांचा हिशेब निघाला. किंमत ठाऊक नसतांना सामान्य मनुष्यास महाग मद्य अधिक आवडत नाहीं, उलट किंचित् कमीच आवडतें, असें त्यांत दिसून आलें. जिभेपेक्षां डोळा व कान मोठे, हें आपण व्यवहारांत जाणतोंच. येथें त्यास अंकांचा आधार मिळाला.

महाराष्ट्रांतही द्राक्षमद्याचा धंदा उभा राहिला. नारायणगांवच्या परिसरांत १९८० नंतरच्या दशकांत, आणि नाशकास १९९९ पासून सुला या द्राक्षमळ्यानें त्याचा जम बसविला. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव, असें त्याचें समर्थन होतें. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय झाला, तेव्हां मोठा वाद माजला. माफक किंमतींतली चांगली बाटली कोणती, हा प्रश्न आतां शहरांतल्या घरांतही निघूं लागला आहे. त्यास एकच प्रामाणिक उत्तर आहे: वेष्टन झांका, किंमत विसरा आणि मग पाहा.

परंतु ही पारख एवढ्यावर पुरी होते काय? १९२० च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन नागपुरास भरलें आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालें. त्या चळवळींत दारूच्या गुत्त्यांवर निरोधनें झालीं. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदीचा कायदा झाला. पुढें विदर्भ मुंबई राज्यांत आल्यावर तेथील कायदा १९५९ सालीं इकडे लागू झाला. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं लोकांच्या चळवळींतून दारूबंदी आली. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. उठविण्याच्या बाजूचे म्हणत, बंदीनें चोरटी दारू वाढते. राखण्याच्या बाजूच्या बायका म्हणत, घरांतली मजुरी तरी वांचते. दोहोंच्या बोलण्यांत तथ्य होतें. चोरट्या स्वस्त दारूची खरी किंमत मुंबईस मालवणींत २०१५ च्या जूनमध्यें दिसली. मिथेनॉल मिसळलेल्या दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्यांतले बहुतेक कष्टकरी होते. कौटिल्याच्या त्या नियमाची आठवण येथें झाल्यावांचून राहात नाहीं.

व्यापाऱ्यानें मद्य देशावरून जोखलें, सरकारनें अंशांवरून, दलालांनीं भावावरून, आणि रसिकांनीं गुणांवरून. यांपैकीं एकाही मापांत, दारू पिणाऱ्याच्या घरीं त्या सायंकाळीं चूल पेटली कीं नाहीं, याचा रकाना नाहीं. संत्रें निवडणारी आमची गृहिणी भाव करतांना महिन्याचा सगळा खर्च मनांत ठेवूनच भाव करते. स्वस्त व चांगलें यांचा खरा हिशेब तिला ठाऊक आहे. मद्याची पारख करणाऱ्यांनीं तो तिच्यापासून शिकावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.