चिप ते यंत्र: शेवटच्या सेंटिमीटरचा इतिहास

'लॅब ऑन अ चिप'ची गोष्ट सांगताना सगळे चिपचंच कौतुक करतात. अख्खी प्रयोगशाळा बोटाच्या पेरावर मावते वगैरे. मला त्या इतिहासातला दुसराच भाग जास्त ओढून घेतो. चिपमधला इवलासा द्रव बाहेर काढून मोठ्या यंत्रात पोचवायचा कसा? मी सॉफ्टवेअरवाला आहे, केमिस्ट नाही. पण दोन चांगल्या सिस्टिम एकमेकींना जोडताना काम नेमकं जोडावरच अडतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं.

आधी आकडे बघू. काचेवर कोरलेला एक चर घ्या: १०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन खोल, १ सेंटिमीटर लांब. त्यात ५० नॅनोलिटर द्रव मावतो. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा, म्हणजे याच्या हजारपट. आता या चिपला पाव मिलिमीटर आतला व्यास असलेली १० सेंटिमीटरची नळी जोडा. नळीत जवळपास ४,९०० नॅनोलिटर मावतात. म्हणजे सगळा नमुना नळीचा जेमतेम शंभरावा भाग भरतो.

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. आजही लोकल तेवढं अंतर तासाभरात कापते. आमचा जीव जातो तो स्टेशनपासून कासारवडवलीपर्यंतच्या दहाएक किलोमीटरमध्ये.

नमुना नळीत नुसता हरवत नाही, तो पसरतोही. नळीच्या मधला द्रव वेगाने धावतो, भिंतीलगतचा रेंगाळतो. त्यामुळे एकत्र निघालेले रेणू पुढे-मागे होत जातात. इंग्लिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५३ मध्ये याचं गणित मांडलं. चिपने मोठ्या कष्टाने वेगळे केलेले पदार्थ वाटेत पुन्हा एकमेकांत मिसळतात ते असे.

यावरचा एक तोडगा चिपच्याही आधीचा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे लेनर्ड स्केग्ज यांनी १९५७ मध्ये रक्ततपासणीचं स्वयंचलित यंत्र मांडलं. एकाच नळीतून एकामागोमाग एक नमुने जायचे आणि मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असायचे. बुडबुड्यामुळे एका पेशंटचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळत नसे. ही युक्ती पुढे पुन्हा कामी येणार होती.

१९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीफन टेरी आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या एका चकतीवर गॅस क्रोमॅटोग्राफ बसवला. वायू वेगळे करणारा दीड मीटरचा चर ५ सेंटिमीटरच्या चकतीत गुंडाळलेला होता. पण वायू ओळखणारा डिटेक्टर वेगळा बनवून वरून क्लॅम्पने दाबून बसवावा लागला. म्हणजे जोड पहिल्या दिवसापासून होताच. १९९० मध्ये बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत आंद्रेआस मान्झ यांनी संपूर्ण विश्लेषणच छोट्या जागेत करायची कल्पना मांडली आणि हे क्षेत्र खऱ्या अर्थाने सुरू झालं.

काही तपासण्या चिपवर होतात, कारण त्यांत फक्त प्रकाश मोजायचा असतो. मास स्पेक्ट्रोमीटरचं तसं नाही. तो रेणूंचं वजन करतो, त्यामुळे रेणू स्वतः आत जावेच लागतात. इथे जॉन फेन यांची इलेक्ट्रोस्प्रे पद्धत उपयोगी पडली: द्रवाला मोठा विद्युतदाब देऊन त्याचा बारीक फवारा यंत्रात सोडायचा. या कामासाठी फेन यांना २००२ चं नोबेल मिळालं. १९९७ मध्ये रॅम्झी यांच्या आणि कार्गर यांच्या गटांनी हा फवारा थेट काचेच्या चिपच्या सपाट कडेवरून उडवून दाखवला. अडचण अशी की काचेला द्रव आवडतो. तो कडेवर पसरतो, आणि तिथे साचलेल्या थेंबात सगळं पुन्हा कालवलं जातं.

मग कडेला बारीक नळी बसवायचे प्रयत्न झाले. १९९९ चा कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा पेपर मला या सगळ्यात सर्वांत आवडतो. चिपमध्ये भोक पाडताना टोकदार ड्रिल वापरलं तर तळाशी शंकूच्या आकाराची पोकळी उरते. सपाट तोंडाच्या नळीने ती भरत नाही, आणि नमुना तिथेच घुटमळतो. त्यांनी सपाट टोकाचं ड्रिल वापरलं आणि पोकळी जवळजवळ नाहीशी झाली. इतकं सगळं विज्ञान अडलं होतं ड्रिलच्या टोकापाशी!

२००५ मध्ये एजिलेंट कंपनीने पॉलिइमाइडच्या पातळ थरांची चिप बाजारात आणली. तिच्यातच पदार्थ वेगळे करणारा कॉलम आणि फवाऱ्याचं टोक होतं. त्या दोघांमधला जोडच काढून टाकला. २००९ च्या सुमारास मिशिगनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या गटाने उलटी वाट धरली. नळी राहू दिली, पण नमुन्याचे तुकडे करून ते एकेक मास स्पेक्ट्रोमीटरकडे धाडले. स्केग्ज यांचीच युक्ती, फक्त कित्येक पटींनी लहान.

आता आपल्याकडे येऊ. गोव्यातल्या मोल्बायो कंपनीची ट्रूनॅट ही टीबीची चाचणी चिपवरच चालते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी कोविडसाठीही ती वापरात आली. यंत्र बॅटरीवर चालतं. चिप यंत्रात सरकवली की द्रव तिच्यातच राहतो, बाहेर येतो तो फक्त प्रकाश. म्हणजे बाहेर पडण्याचा प्रश्न मिटला. आत जाण्याचा मात्र राहिला. थुंकीतून वेगळा केलेला डीएनए चिपच्या खळग्यात टेक्निशियन हाताने सोडतो: पिपेटने, मोजून ६ मायक्रोलिटर.

चाळीस वर्षांच्या खटपटीनंतरही अखेरचा जोड माणसाचा हात आहे, हे मला कमीपणाचं वाटत नाही. नमुना गावातून शहरातल्या लॅबमध्ये पाठवला की रिपोर्टला दिवस लागतात. टीबीच्या पेशंटला रोजगार बुडवून पुन्हा यावं लागतं, आणि काही येतच नाहीत. तपासणी जवळच्या केंद्रात तासाभरात झाली, तर तो बाहेर बाकावर बसलेला असतानाच उपचार सुरू होऊ शकतात. नळीत द्रव हरवतो, तसा या वाटेवर माणूस हरवतो.

सध्या देशात चिप बनवण्याची चर्चा जोरात आहे, आणि ती व्हायलाच हवी. पण सपाट ड्रिल शोधणारा आणि ६ मायक्रोलिटर अचूक सोडणारा, हे दोघंही तयार करावे लागतात. त्यांच्या प्रशिक्षणाचा आणि पगाराचा विचार चिपच्या बजेटमध्येच व्हायला हवा, नंतर उरलेल्या पैशांतून नाही.