ग्रीक-लॅटिन विद्येचे विद्यापीठीय अध्ययन

दिनांक ११ फेब्रुवारी २०१३ रोजी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची एक औपचारिक सभा भरली होती. काही धन्यवाद्यांना संतपद बहाल करण्याची तारीख ठरवणे एवढाच तिचा विषय होता. सभेच्या अखेरीस पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लॅटिन भाषेत एक छोटेसे निवेदन वाचून दाखवले. वार्ताहर कक्षातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते ऐकू येत होते. परंतु ते समजणारे थोडेच होते. 'आन्सा' या इटालियन वृत्तसंस्थेच्या जोव्हाना किर्री यांना मात्र लॅटिन येत होते. पोपमहोदय पदत्याग करीत आहेत हे त्यांनी जाणले, खात्री करून घेतली, आणि शतकानुशतकांत न घडलेली ती बातमी जगाला सर्वप्रथम कळवली. पोपमहोदयांचे लॅटिन समजायला सोपे आहे, असे त्यांनी नंतर सहजपणे सांगून टाकले.

'मृत' म्हणून निकालात काढलेल्या भाषेचा हा एक उपयोग झाला. अर्थात अशा उपयोगासाठी कोणी विद्यापीठात चार वर्षे घालवत नाही. मग कशासाठी घालवतो? परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत 'क्लासिक्स' हा शब्द वाचून आमच्याकडे काही पालकांनी व तरुणांनी विचारणा केली. त्या निमित्ताने या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून देत आहोत.

'क्लासिक्स' म्हणजे प्राचीन ग्रीक व रोमन जगाचा समग्र अभ्यास. होमरच्या महाकाव्यांपासून, म्हणजे साधारणपणे इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून, पश्चिमेकडील रोमन साम्राज्य कोसळेपर्यंतचा, सुमारे बारा-तेराशे वर्षांचा हा पट आहे. त्यात भाषा व साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र ही सर्व अंगे एकत्र येतात. इतर विद्याशाखा एकेका विषयाने ओळखल्या जातात. ही एका जगाने ओळखली जाते. तिचे बळ त्यात आहे, आणि तिची अडचणही त्यातच आहे.

या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यासक्रम म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाचा 'लितेरे ह्युमानिओरेस'. विद्यार्थी त्याला बोलीभाषेत 'ग्रेट्स' म्हणतात. ऑक्सफर्डने इ. स. १८०० मध्ये परीक्षांचे नवे नियम केले, त्यांतून हा अभ्यासक्रम आकाराला आला. तो चार वर्षांचा आहे. इंग्लंडातील बहुतेक पदव्या तीन वर्षांत मिळतात हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वेगळेपण कळते. पारंपरिक रचनेप्रमाणे पहिली पाच सत्रे भाषा व साहित्य यांना दिलेली असत. होमर आणि व्हर्जिल मुळातून वाचायचे, न पाहिलेल्या उताऱ्यांचे भाषांतर करायचे, आणि मग 'मॉडरेशन्स' नावाची दीर्घ परीक्षा द्यायची. पुढील सात सत्रे प्राचीन इतिहास व तत्त्वज्ञान यांची. थ्युसिडिडीज आणि टॅसिटस हे इतिहासकार, प्लेटोचे 'रिपब्लिक', अ‍ॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र, आणि त्यांच्या जोडीला आधुनिक तत्त्वज्ञानसुद्धा. तपशील वेळोवेळी बदलत आले आहेत. प्रवेश घेणाऱ्याने त्या त्या वर्षीचे नियम पाहावेत.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी एक नाव आम्हांला विशेष जवळचे वाटते. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स १८६३ मध्ये बेलियल कॉलेजात दाखल झाले, १८६६ मध्ये जॉन हेन्री न्यूमन यांच्या हस्ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले, १८६७ मध्ये 'ग्रेट्स'मध्ये प्रथम वर्ग मिळवला आणि १८६८ मध्ये येशूसंघात प्रवेश केला. पुढे १८८४ मध्ये ते डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक झाले. तेथे उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आला. १८८९ मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले. आज इंग्रजीतील थोर कवींत त्यांची गणना होते. पण त्यांचा काव्यसंग्रह निघाला तो १९१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आमच्या शिक्षकबंधू-भगिनींना यात काही दिलासा मिळाला तर उत्तमच!

ही विद्या केवळ ज्ञानासाठी शिकवली जात होती असे म्हणणे मात्र भोळेपणाचे ठरेल. ती सत्तेची शिडीही होती. हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धापरीक्षा सुरू झाली. मेकॉले समितीने तिच्यासाठी जी गुणयोजना सुचवली, तिच्यात ग्रीकला ७५० व लॅटिनला ७५० गुण होते. संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी ३७५. ज्या देशाचा कारभार करायचा त्या देशाच्या अभिजात भाषेला, अथेन्स व रोमच्या भाषांच्या मानाने निम्मे मोल! इंग्लंडातही परिस्थिती फार निराळी नव्हती. ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी ग्रीकची सक्ती १९२० पर्यंत आणि लॅटिनची १९६० पर्यंत होती. ज्या शाळांत या भाषा शिकवल्या जात त्या बहुधा श्रीमंतांच्या असत. त्यामुळे गरिबाच्या मुलासाठी दार आपोआपच बंद राही.

सक्ती उठल्यावर हा विषय मरेल अशी भीती अनेकांना वाटली. तसे घडले नाही, कारण शिक्षकांनी आपली पद्धत बदलली. व्याकरणाचे तक्ते आधी पाठ करून घेण्याऐवजी सोप्या गोष्टींतून भाषा शिकवणारी पाठ्यपुस्तके निघाली. पाँपेईतील एका कुटुंबाभोवती गुंफलेला 'केंब्रिज लॅटिन कोर्स' १९७० मध्ये आला. आज ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही ठिकाणी शाळेत लॅटिन किंवा ग्रीक न शिकलेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो. भाषा तेथे मुळाक्षरांपासून शिकवली जाते.

आमच्या विद्यार्थ्यांनी तर या भाषांना मुळीच भिऊ नये. ज्याने शाळेत संस्कृत घेतले आहे त्याला विभक्ती म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. संस्कृतात आठ विभक्ती मोजल्या, तर लॅटिनमध्ये सहा-सात आणि ग्रीकमध्ये पाचच. होमरच्या ग्रीकमध्ये द्विवचनही भेटते. पितृ, ग्रीक 'पातेर', लॅटिन 'पातेर'. सप्त, 'हेप्ता', 'सेप्तेम'. दश, 'देका', 'देकेम'. अग्नी आणि लॅटिन 'इग्निस'. हे साम्य योगायोगाचे नव्हे, या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात प्रतिपादन केले आणि तेथून तौलनिक भाषाशास्त्राला मोठी चालना मिळाली.

आता या अभ्यासाचा आणि ख्रिस्ती श्रद्धेचा संबंध. हा प्रश्न आजचा नाही. चौथ्या शतकात संत बेसिल व नाझियान्झसचे संत ग्रेगरी हे दोघे मित्र अथेन्सला शिकले. इ. स. ३५५ मध्ये तेथेच त्यांना ज्युलियन नावाचा एक राजपुत्र भेटला. हाच ज्युलियन पुढे सम्राट झाला, ख्रिस्ती धर्मापासून दूर गेला आणि ३६२ मध्ये त्याने ख्रिस्ती शिक्षकांना ग्रीक साहित्य शिकवण्यास मनाई केली. तुमचा या देवतांवर विश्वास नाही, मग होमर कशाला शिकवता, असा त्याचा युक्तिवाद होता. रोममधील नामांकित शिक्षक मारियस व्हिक्टोरिनस यांनी अध्यापन सोडले. लाओदिकियाच्या अपोलिनारिस पितापुत्रांनी तर बायबलचे विषय ग्रीक महाकाव्य व नाटक यांच्या साच्यांत रचून पर्यायी पाठ्यपुस्तके तयार करण्याचा खटाटोप केला. ज्युलियन लवकरच युद्धात मरण पावला आणि ती पुस्तके मागे पडली. होमर मात्र राहिला. ख्रिस्ती तरुणांनी ग्रीक साहित्यातून काय घ्यावे व काय सोडावे यावर संत बेसिल यांनी एक निबंधच लिहिला. पुढे लॅटिन ग्रंथ टिकले ते बव्हंशी मठवासी नकलनविसांच्या हातांनी.

या हातांनी चुकाही केल्या. म्हणूनच 'पाठचिकित्सा' हे या विद्येचे एक महत्त्वाचे अंग आहे. एखाद्या ग्रंथाच्या उपलब्ध हस्तलिखितांची तुलना करून मूळ शब्द काय असावा हे ठरवणे, हे काम गुप्तहेराच्या कामासारखे असते. नव्या कराराच्या अभ्यासकाला याच विद्येचा आधार घ्यावा लागतो. शिवाय इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांनी मोठी भर घातली आहे. बर्नार्ड ग्रेनफेल व आर्थर हंट या ऑक्सफर्डच्या दोन तरुण विद्वानांनी १८९६च्या हिवाळ्यात ऑक्सिरिंकस या प्राचीन नगरीच्या कचऱ्याच्या टेकड्या खणायला सुरुवात केली. तेथून पाच लाखांहून अधिक तुकडे निघाले. त्यांचे प्रकाशन १८९८ मध्ये सुरू झाले ते अद्याप पुरे झालेले नाही. अगदी आरंभीच प्रभू येशूच्या नावे असलेल्या वचनांचा एक तुकडा हाती आला. तो 'थॉमसचे शुभवर्तमान' या, ख्रिस्तसभेने मान्य न केलेल्या ग्रंथाचा आहे हे १९४५ मध्ये नाग हम्मादी येथे कॉप्टिक प्रत सापडल्यानंतर स्पष्ट झाले. पण आमच्या मते या ढिगाऱ्यांतील खरे धन म्हणजे साधीसुधी पत्रे, पावत्या आणि करारनामे. नव्या कराराची ग्रीक ही बाजारातल्या व घरातल्या माणसांची बोली होती, हे अशा कागदांनी दाखवून दिले.

हे काम संपलेले नाही, याचे ताजे उदाहरणही देता येईल. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या उलगडायला गेले की चुरा होतात. त्या न उघडता, क्ष-किरण प्रतिमा व संगणक यांच्या साह्याने, २०२३ मध्ये ल्यूक फॅरिटर या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक शब्द वाचला: 'पोर्फिरास', म्हणजे जांभळा. २०२४च्या फेब्रुवारीत तो व त्याचे दोन सहकारी यांना ७ लाख डॉलरांचे पारितोषिक मिळाले. संगणकाने अक्षरे दाखवली, पण त्यांतून वाक्ये लावली ती ग्रीक जाणणाऱ्यांनी.

असे असूनही हा विषय आज अडचणीत आहे. अमेरिकेतील हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाने २०२१ मध्ये आपला क्लासिक्स विभाग बंद केला. त्याच वर्षी प्रिन्स्टनने या विषयाच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिनची अट काढून टाकली. या विद्येने वर्णश्रेष्ठत्वाला व साम्राज्यवादाला हातभार लावला, असे म्हणणाऱ्यांत तेथीलच प्राध्यापक डॅन-एल पाडिला पेराल्टा आहेत. डोमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या बेघरांच्या निवाऱ्यात वाढलेले हे गृहस्थ तेथेच सापडलेल्या एका पुस्तकातून या विषयाकडे वळले. वर दिलेली सनदी परीक्षेची गुणयोजना पाहता त्यांचे म्हणणे आम्हांला झिडकारता येत नाही. परंतु भाषेची अट काढणे हा त्यावरचा उपाय आहे, असे आम्हांला वाटत नाही. भाषा न शिकणारा विद्यार्थी कायम दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून राहतो. गरीब विद्यार्थ्यासाठी दार मोठे करावे, पण आतले घर रिकामे करू नये.

भाषांतरावर विसंबून राहण्याचा तोटा आमच्या इतक्या जवळ आहे की त्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याचे 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' हे टिपण प्रसिद्ध आहे. भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांत तो सोपाऱ्याचे व कल्याणचे नाव घेतो. पैठणहून गोमेद आणि तेरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जाते, असे तो सांगतो. कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक जहाजे आता पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही करतो. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने, तोही ग्रीकमध्ये, 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे; हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात.

ठाण्याच्या हुतात्म्यांचा वृत्तान्त तर लॅटिनमध्येच आहे. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती ठाण्यात मारले गेले. डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस कातालानी यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले व त्याबद्दल पत्रे लिहिली. थोड्याच काळाने पोर्देनोनेचे फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक यांनी ती अस्थी चीनला नेली आणि आपली हकिगत १३३० मध्ये सांगून लिहवून घेतली. आम्ही हे सारे वाचतो ते इंग्रजी भाषांतरांतून, किंवा त्यांवर आधारलेल्या मराठी लेखांतून.

जॉर्डानस यांनी भारतातील नवलाईवर एक छोटे लॅटिन पुस्तकही लिहिले. हेन्री यूल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात फणसाचे वर्णन आहे, आणि आलुबुखाराच्या आकाराच्या पण त्याहून पुष्कळ मोठ्या, अतिशय गोड अशा एका फळाचेही. छापील लॅटिन पाठात त्या फळाचे नाव 'अनिबा' असे आहे. मध्ययुगीन लॅटिन हस्ताक्षरात 'म' हे अक्षर तीन उभ्या रेघांनी लिहीत. 'नि' लिहायलाही तेवढ्याच तीन रेघा लागत. युरोपातल्या नकलनविसाला ते फळ ठाऊक नव्हते. ठाण्या-वसईच्या कोणत्याही मुलाने त्या तीन रेघा पाहिल्या असत्या, तर मूळ शब्द त्याने क्षणात ओळखला असता: अंबा.