वर्तुळाची वाटणी : पनवेलचे चाक आणि ‘लीलावती’

साहित्याच्या वर्गात ‘लीलावती’चा विषय निघाला, की चर्चा घटिकापात्रात पडलेल्या मोत्यापाशी येऊन थांबते. चुकलेला मुहूर्त, दुर्दैवी कन्या, तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ रचणारा पिता. ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली; मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. आम्हां वाङ्मयाच्या अभ्यासकांना कथा प्रिय, म्हणून ती टिकली. त्याच ग्रंथातील एक कोरडा नियम मात्र आमच्यापैकी क्वचितच कोणी वाचला असेल. प्रस्तुत टिपणाचा विषय तो नियम आहे.

वर्तुळाचा व्यास १२०००० मानला, तर त्यात बसणाऱ्या समभुज आकृतीची बाजू किती? त्रिकोणापासून नवकोनापर्यंत भास्कराचार्य सात आकडे देतात : १०३९२३, ८४८५३, ७०५३४, ६००००, ५२०५५, ४५९२२, ४१०३१. आपल्या वर्तुळाच्या व्यासाने यांपैकी हवा तो आकडा गुणावा, १२०००० ने भागावा. आलेल्या अंतराएवढा कंपास उघडून परिघावर फिरावे. वर्तुळाचे तेवढे समान भाग पडतात. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराचे हे कोष्टक सुताराच्या हाती जसेच्या तसे देता येईल असे आहे.

ते तसे दिले गेले, असा दावा आम्ही करणार नाही. सुताराला त्याची गरज होती काय, हा प्रश्न अधिक रोचक आहे, आणि त्यासाठी पनवेलकडे वळावे लागते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबईहून जलमार्गाने येणाऱ्या मालाला घाटावर चढण्यासाठी पनवेल बंदर हे सोयीचे ठाणे झाले. १८६३ मध्ये आगगाडीने तोच घाट ओलांडला. तरीही १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात पनवेलचा मोठा उद्योग म्हणून नोंद आहे ती गाडीच्या चाकांची : ऐपत असलेला घाटावरचा गाडीवान इथून चाके घेऊन जाई. मिठागरांचे, भाताचे, पुढे धूतपापेश्वरच्या औषधांचे पनवेल आपल्याला ठाऊक असते. चाकांचे पनवेल विस्मरणात गेले.

त्या काळच्या बैलगाडीचे चाक सामान्यतः सहा पुठ्ठ्यांचे आणि बारा आऱ्यांचे. यात गणित लपले आहे, पण आकडा नाही. ज्या कंपासाने घेर आखला तोच न मिटता परिघावर फिरवला, की सहाव्या पावलाला तो आरंभबिंदूवर येतो. भास्कराचार्यांच्या यादीतला षट्कोनाचा आकडा ६००००, म्हणजे व्यासाचा नेमका अर्धा, तो हाच. प्रत्येक भाग निम्मा केला की बारा आऱ्यांच्या जागा मिळाल्या. तापवून चढवलेली लोखंडी धाव निवताना आकसते आणि सारे सांधे आवळते. आरे असमान असतील तर तो ताण एकीकडे अधिक येतो. सुताराने बारा ही संख्या उगाच निवडली नव्हती. सात आऱ्यांचे चाक त्याने टाळले, आणि टाळण्यातही ज्ञान असते.

सात टाळता येत नाही तेव्हा काय होते? लेथवर काम करणाऱ्याला हा प्रश्न नेहमी पडतो. मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला साठ दात्यांचे गिअर बसवून त्यात खिट्टी अडकवली, तर दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा असे भाग सहज पाडता येतात. साठाला सातने भाग जात नाही. विकतचे डिव्हायडिंग हेड परवडत नसेल, तर माणूस घरीच छिद्रांची तबकडी करतो. चकतीभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळायची, टोके जुळतात तिथे कापायची, टेबलावर सपाट पसरून तिचे सात समान भाग आखायचे आणि पट्टी पुन्हा चकतीवर डकवायची. या युक्तीचे आम्हांस विलक्षण कौतुक वाटते. सरळ रेषेचे सात भाग पट्टी-कंपासाने शाळकरी मुलालाही करता येतात; वर्तुळाचे त्याच साधनांनी नेमके सात भाग करता येत नाहीत, हे वांत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. कागदाची पट्टी वर्तुळाला घटकाभर रेषा करून टाकते आणि ती अडचण वळसा घालून चुकवते.

हाताने पाडलेली छिद्रे थोडी इकडेतिकडे होणारच. पण चाळीस फेऱ्यांना कामाची एक फेरी देणाऱ्या मळसूत्री गिअरावर ही तबकडी बसवली, तर एका भागासाठी पाच पूर्ण फेरे आणि पाच छिद्रे मोजायची, आणि तबकडीतली चूक कामावर उतरते ती चाळिसाव्या हिश्शाने. मग याच ओबडधोबड तबकडीवरून दुसरी तबकडी पाडावी : आईपेक्षा लेक सरस निघते.

भास्कराचार्यांचा सप्तकोनाचा आकडाही किंचित चुकला आहे. ५२०५५ ऐवजी ५२०६६ हवा होता; नवकोनातही सुमारे तेवढीच तूट आहे. १२० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सात पावले टाकली, तर अखेरीस सुमारे नऊ शतांश मिलिमीटरची फट राहील, साध्या कागदाच्या जाडीएवढी. बाकीचे आकडे जवळजवळ निर्दोष आहेत. म्हणजे ग्रंथही अडखळला तो सात आणि नऊपाशीच.

हे अवघडपण ज्याला जाणवले तो भाष्यकार आजच्या रायगड जिल्ह्यातलाच. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ‘ग्रहलाघव’कार. १५४५ मधील ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत ते सांगतात, की त्रिकोण, चौरस, षट्कोन, अष्टकोन यांची जशी उपपत्ती देता येते तशी पंचकोन, सप्तकोन आणि नवकोन यांची देता येत नाही. पंचकोनापुरते हे बरोबर नाही; ३६ अंशांची ज्या खुद्द भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ती’त दिली आहे. उरलेल्या दोहोंबद्दल मात्र नांदगावच्या या ज्योतिषाने जिथे बोट ठेवले, तिथली सिद्धता यायला आणखी जवळजवळ तीनशे वर्षे लागली.