बंदुकीचे स्क्रू आणि घरचे वर्कबेंच

युरोपात धातूच्या स्क्रूचा प्रसार सुतारकामाच्या आधी चिलखतांत आणि बंदुकांत झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून बंदुकीची कळ दस्त्यावर बसवण्यासाठी खिळ्याऐवजी स्क्रू दिसू लागतो. बार उडताना बसणाऱ्या हादऱ्याने खिळा सैल होई, आणि कळ तर साफसफाईसाठी वरचेवर उतरवावी लागे. घट्ट धरणारी आणि तरीही हवी तेव्हा उघडता येणारी जोडणी हवी होती, ती आट्यांनी दिली. हिंदुस्थानातल्या तोड्याच्या बंदुकीने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. तिची लांब नळी चामड्याच्या पट्ट्यांनी किंवा तारेच्या वेढ्यांनी दस्त्याला बांधलेली असे. ही बांधणी सैल झाली की पुन्हा आवळता येई आणि त्यासाठी खास हत्यार लागत नसे.

युरोपातला हा जुना स्क्रू कानशीने घासून हाताने घडवलेला असे. तो ज्या भोकासाठी केला त्याच भोकात बसे. म्हणून बंदूक खोलताना कारागीर स्क्रूवर ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या खुणा करून ठेवत. हरवलेल्या स्क्रूच्या जागी दुसरा आणून लावण्याची सोयच नव्हती, त्यामुळे दुरुस्ती मूळ कारागिराच्या किंवा त्याच्या तोडीच्या माणसाच्या हातीच राहिली.

ही पकड सुटायला सुमारे तीनशे वर्षे लागली. फ्रान्समधल्या ओनोरे ब्लां या शस्त्रकाराने 1785 मध्ये पन्नास कळांचे सुटे भाग टॉमस जेफरसनपुढे ठेवले. जेफरसनने त्यांतले हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही कळा जुळवल्या. अमेरिकेत एली व्हिटनीला 1798 मध्ये दहा हजार मस्केटांचे कंत्राट मिळाले. अदलाबदल करता येणाऱ्या भागांचे श्रेय त्याच्या नावावर चढले असले तरी ते फार उदारपणे दिले गेले आहे. ते काम खऱ्या अर्थाने तडीस नेले हार्पर्स फेरीच्या कारखान्यात जॉन हॉलने, 1820च्या दशकात. लंडनच्या 1851च्या प्रदर्शनात व्हर्मॉन्टच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीने सुटे भाग एकमेकांत बदलता येणाऱ्या रायफली मांडल्या. त्यानंतर ब्रिटिश सरकारने एनफिल्डच्या कारखान्यासाठी अमेरिकी यंत्रे विकत घेतली.

एका कारखान्यातले भाग एकमेकांत बसू लागले, पण दोन कारखान्यांचे आटे जुळत नव्हते. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये 55 अंशांच्या कोनाची एकच पद्धत सुचवली आणि ब्रिटनच्या यंत्रउद्योगाने ती उचलली. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा, बनवायला सोपा आटा मांडला. बंदुकांचे कारखाने मात्र या सुधारणेपासून हटवादीपणे दूर राहिले. एनफिल्डने स्वतःचेच आटे चालू ठेवले. या हट्टामागे कारण होते. कारखान्याकडे गेज, टॅप, डाय आणि लाखो सुटे भाग तयार होते. सैन्याला आपल्याच भांडारातून स्क्रू मिळत असताना हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसावा अशी गरज कोणालाच नव्हती.

ती गरज पुढे घरी काम करणाऱ्या माणसाला भासली. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या लष्करी रायफली नागरी नेमबाजांना विकण्याची वाट सरकारने मोकळी केली. थिओडोर रूझवेल्टने स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याकडून शिकारीसाठी खास बदललेली रायफल करून घेतली होती आणि 1909च्या आफ्रिकेतल्या शिकारीत ती वापरली. लांब लाकूड कापायचे, दस्ता घासून हलका करायचा, लष्करी साइट काढून दुसरी बसवायची, अशा या रूपांतराला ‘स्पोर्टर’ नाव पडले. न्यूयॉर्कची ग्रिफिन अँड हाऊ ही कंपनी 1923 पासून श्रीमंत शिकाऱ्यांसाठी हेच काम नजाकतीने करत असे. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याने ते तळघरातल्या वर्कबेंचवर केले. मिसूरी राज्यातल्या वॉर्सॉ या गावातून बिशप आणि फायेन या दस्ते बनवणाऱ्यांकडचे अर्धवट कोरलेले दस्ते टपालाने येत. बाकीचे कोरणे गिऱ्हाइकाच्या पटाशीवर सोडलेले असे.

स्क्रूंचे खरे त्रांगडे इथे उघड झाले. दस्त्याला धरून ठेवणारे मुख्य स्क्रू बहुतेक रायफलींत पाव इंच जाडीचे. पण एका इंचात आटे किती, याचे उत्तर प्रत्येक रायफलीचे वेगळे: जर्मन माउझर 98 मध्ये साधारण 22, स्प्रिंगफील्ड 1903 मध्ये 25, अमेरिकी एनफिल्ड 1917 मध्ये 30, विंचेस्टर मॉडेल 70 मध्ये 32. बाजारातल्या पाव इंची स्क्रूला जाड आट्यांत 20 आणि बारीक आट्यांत 28. वरीलपैकी एकही आकडा त्यांत बसत नाही. दुकानातला स्क्रू दोन फेरे आत जाई, मग अडे, आणि जोर लावला की आतले आटे खरवडले जात.

हत्याराची गोष्टही तशीच. साध्या स्क्रू ड्रायव्हरचे पाते टोकाकडे पाचरीसारखे निमुळते होत जाते. ते खाचेच्या वरच्या कडांवरच जोर देते आणि निसटून स्क्रूचे डोके फाडते. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद, बाजू समांतर. म्हणून बंदूक-कारागीर पात्याच्या दोन्ही बाजू पोकळ घासून टोक खाचेच्या मापाला आणत, आणि प्रत्येक स्क्रूसाठी वेगळे पाते ठेवत. लंडनचे नामांकित कारागीर सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका ओळीत याव्यात इतके काटेकोर असत. डोके फाटलेला स्क्रू दिसला की बंदूक कोणा हौशीच्या हातून गेली हे जाणकाराला कळे. 1939 मध्ये बॉब ब्राउनेलने आयोवात सुरू केलेल्या धंद्यातून अशा हत्यारांचे एक मोठे दुकान उभे राहिले.

दुर्बीण बसवण्याच्या कामात लाकडापेक्षा पोलादाशी गाठ पडे. विल्यम वीव्हरने 1930 मध्ये स्वस्त दुर्बीण बाजारात आणली आणि ती बसवण्यासाठी रिसीव्हरला, म्हणजे रायफलीच्या पोलादी मुख्य भागाला, भोके पाडून आटे कापायची वेळ सामान्य मालकावर आली. इथे रूढ झालेला सहा नंबरचा, इंचाला 48 आट्यांचा स्क्रूही पुन्हा बंदुकीपुरताच. बाजारात सहा नंबरला 32 किंवा 40 आटे. पातळ रिसीव्हरमध्ये जास्त आटे पकडीत यावेत हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण जुन्या स्प्रिंगफील्डचा पृष्ठभाग इतका कडक की टॅप त्यातच तुटे. आठ लाखांच्या आतल्या क्रमांकांच्या रायफलींत तर पोलाद ठिसूळ निघाले, कारण भट्टीतला कारागीर उष्णता डोळ्यांनी रंग पाहून ठरवत असे.

हादऱ्याने सैल होण्याची जुनी तक्रार रसायनशास्त्राने बरीचशी मिटवली. हार्टफर्डच्या व्हर्नन क्रिबलने 1950च्या दशकात हवा न मिळाल्यास घट्ट होणारे द्रव्य, म्हणजे लॉक्टाइट, आणले. त्याआधी माउझरच्या स्क्रूशेजारी त्याला अडवणारा छोटा कुलूप-स्क्रू असे. ॲलनचा षट्कोनी खाचेचा स्क्रू आणि नंतर 1967चा ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचा टॉर्क्स आल्यावर पाते निसटण्याचा प्रश्नही मागे पडला. अमेरिकेने 1968च्या कायद्याने लष्करी जुन्या रायफलींची आयात आणि टपालविक्री रोखली, आणि स्पोर्टरची लाट ओसरली. भारतात 1959चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतरही करू देत नाही, त्यामुळे घरचा असा छंद इथे रुजला नाही. इथला बदल कारखान्यातच झाला. ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्ड रायफलीचे लाकूड फाटू नये म्हणून त्यातून आडवा स्क्रू घातला, आणि तो जगभरच्या संग्राहकांमध्ये ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखला जातो.

रेमिंग्टनने 1962च्या मॉडेल 700 मध्ये अखेर पाव इंचाला 28 आटे घेतले, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला बारीक आट्यांचा स्क्रू. 1995 मध्ये अमेरिकी सैन्याने पिकॅटिनी रेलचे, म्हणजे दुर्बीण वगैरे आवळायच्या खाचदार पट्टीचे, माप ठरवून दिले. अशी रेल असलेल्या रायफलीला दुर्बीण आवळण्यासाठी नवे भोक पाडावे लागत नाही.