क्ष मानलेली पिढी

बीजगणिताच्या तासाला गुरुजी फळ्यावर 'क्ष मानू' असे लिहीत, ते वाचकांना आठवत असेल. जे ठाऊक नाही त्याला तात्पुरते नाव द्यायचे आणि उत्तर सापडले की ते पुसायचे. इंग्रजी गणितात हेच काम 'एक्स' करतो. 'जनरेशन एक्स' या नावाचा उगम शोधताना आम्हांला तो फळाच प्रथम आठवतो.

आज 'जेन झी' हा शब्द मुलांच्या तोंडी आणि वडीलधाऱ्यांच्या तक्रारींत सारखाच ऐकू येतो. झी का, असे विचारल्यास उत्तर एवढेच, की एक्सनंतर वाय आणि वायनंतर झेड! परंतु मूळचा एक्स हा अनुक्रमांक नव्हताच. दुसऱ्या महायुद्धानंतर वयात आलेल्या तरुणांची चित्रमालिका छायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी योजिली व तिला हे नाव दिले. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. युद्धाच्या छायेत वाढलेली ही मुले पुढे कोणती वाट धरतील, हे कोणास सांगता येत नव्हते, म्हणून क्ष.

१९६४ साली चार्ल्स हॅम्ब्लेट आणि जेन डेव्हरसन यांनी ब्रिटिश तरुणांच्या मुलाखतींचे पुस्तक त्याच नावाने काढले. त्याची एक प्रत गायक बिली आयडॉलच्या आईपाशी होती. १९७६ साली मुलाने ते नाव आपल्या वाद्यवृंदाला देऊन टाकले. नावे अशीही प्रवास करतात!

कॅनेडियन लेखक डग्लस कूपलंड यांची 'जनरेशन एक्स' ही कादंबरी १९९१ ची. तिच्यातील तीन मित्र कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्स येथे हलक्या पगाराच्या नोकऱ्या करतात आणि एकमेकांना गोष्टी सांगतात. कूपलंड यांच्या म्हणण्याप्रमाणे हा एक्स पॉल फसेल यांच्या १९८३ च्या 'क्लास' या पुस्तकातून आला. प्रतिष्ठेच्या शिडीवरून आपणहून उतरलेल्यांचा वर्ग फसेल यांनी त्या अक्षराने दाखविला होता. म्हणजे अक्षर तेच, अर्थ मात्र पालटला. कापांची पिढी अज्ञात होती; कूपलंड यांची पिढी, जग पाहून, नकार देणारी. आम्हांला हा दुसरा अर्थ अधिक बोचतो, कारण तो आधीच्या पिढीला जाब विचारतो.

जाहिरातदारांना त्याचे सोयरसुतक नव्हते. १९९३ साली 'ॲडव्हर्टायझिंग एज' या त्यांच्या साप्ताहिकाने पुढच्या मुलांना 'वाय' म्हटले. १९९५ साली कूपलंड यांनी लेख लिहून एक्सचा अवतार संपल्याचे जाहीर केले. अक्षरे पुढे चालूच राहिली. झेडपाशी वर्णमाला संपली, तेव्हा ग्रीकांकडून 'अल्फा' उसना आणण्यात आला.